स्वयंपाकघरातील प्रयोगशाळा

इ. स. १८२३ च्या शरद ऋतूत एक तेवीस वर्षांचा जर्मन तरुण स्वीडनची राजधानी स्टॉकहोम येथे येऊन पोहोचला. त्याचे नाव फ्रीडरिक व्होलर. वैद्यकाची पदवी त्याने नुकतीच घेतली होती. परंतु त्याचे मन रोग्यांच्या नाडीपेक्षा रसायनांच्या बाटल्यांत अधिक रमे. त्या काळी ज्याचे नाव साऱ्या युरोपात आदराने घेतले जाई, त्या यन्स याकोब बर्झेलियस याच्या हाताखाली शिकण्याची परवानगी मिळवून तो एवढ्या लांबचा प्रवास करून आला होता. धडधडत्या छातीने त्याने दार ठोठावले. दार उघडले ते नीटनेटका पोशाख केलेल्या, अंगाने भरलेल्या एका गृहस्थाने. तोच बर्झेलियस होता.

एवढ्या थोर शास्त्रज्ञाची प्रयोगशाळा केवढी भव्य असेल, अशी कल्पना करीत व्होलर आत गेला. पाहतो तो काय! राहत्या घराला लागून असलेल्या दोन साध्या खोल्या. त्यांत ना भट्टी, ना धूर बाहेर नेणारे धुराडे, ना पाण्याचा नळ. एका खोलीत पाइनच्या लाकडाची दोन लांब टेबले होती. एकावर गुरू काम करी, दुसरे शिष्याला मिळाले. कोपऱ्यात पाण्याचे एक मातीचे भांडे, त्याला तोटी आणि खाली बादली. दुसऱ्या खोलीत तराजू व इतर उपकरणे. पदार्थ मंद आचेवर तापत ठेवण्यासाठी वाळूचे तापते भांडे लागे. ते मात्र स्वयंपाकघरात होते. ॲना नावाची मोलकरीण तेथे रोजचा स्वयंपाक करी आणि त्याच घरातील काचेची भांडी घासून ठेवी. एकीकडे जेवण शिजे आणि दुसरीकडे खनिजे विरघळत असत. याच घरात वाळूच्या पोटातील मूलद्रव्य मनुष्याने प्रथम शुद्ध स्वरूपात पाहिले.

बर्झेलियसचे बालपण सुखाचे नव्हते. त्याचा जन्म २० ऑगस्ट १७७९ रोजी दक्षिण स्वीडनमधील व्हेव्हरसुंडा या खेड्यात झाला. वडील लिन्शोपिंग येथे शिक्षक होते. यन्स अवघा चार वर्षांचा असताना ते वारले. आईने एका धर्मोपदेशकाशी पुनर्विवाह केला. हा सावत्र बाप प्रेमळ होता. मुलाला रानात नेऊन फुले, झाडे, पाखरे दाखवीत असे. पण नऊ वर्षांचा होण्यापूर्वीच आईही गेली आणि पोरके मूल मामाच्या घरी आले. तेथे त्याच्या वाट्याला प्रेम थोडे आणि बोलणी फार आली. शाळेत असतानाच त्याने दुसऱ्यांच्या मुलांना शिकवून स्वतःचा खर्च भागवण्यास सुरुवात केली.

१७९६ मध्ये तो उप्साला विद्यापीठात वैद्यक शिकण्यासाठी दाखल झाला. तेथे रसायनशास्त्राचा त्याला नाद लागला. ठरलेल्या वेळेखेरीज प्रयोगशाळेत येण्यास प्राध्यापकांची परवानगी नव्हती. तेव्हा याने तेथील रखवालदाराच्या हातावर थोडे पैसे ठेवून मागच्या दाराने आत शिरण्याची युक्ती काढली, असे सांगतात. प्राध्यापकांनी एके दिवशी त्याला पकडले. पण त्याची धडपड पाहून पुढच्या दाराने येण्याची मुभा दिली. लाच देण्याचे समर्थन कोणीही करणार नाही. तरी लाच देऊन अभ्यास करू पाहणारा विद्यार्थी विरळाच. भाड्याच्या खोलीला लागून एक खिडकी नसलेले लहानसे स्वयंपाकघर होते. तेथेही त्याचे प्रयोग चालत. स्वयंपाकघराशी त्याचे नाते असे विद्यार्थिदशेपासूनचे होते.

पदवी घेऊन तो स्टॉकहोमला आला. सुरुवातीची नोकरी बिनपगारी होती. हिसिंगर नावाच्या एका धनिक खाणमालकाने त्याला आपल्या घरी आश्रय दिला आणि १८०३ मध्ये दोघांनी मिळून सीरियम या नव्या मूलद्रव्याचा शोध लावला. पोट भरण्यासाठी त्याने खनिज पाण्याचा धंदा करून पाहिला, सिरक्याचा कारखानाही काढला. दोन्ही बुडाले आणि डोक्यावर झालेले कर्ज फेडण्यात सुमारे दहा वर्षे गेली. १८०७ मध्ये तो प्राध्यापक झाला, तेव्हा कोठे त्याला स्वस्थता लाभली.

विद्यार्थ्यांसाठी स्वीडिश भाषेत रसायनशास्त्राचे चांगले पुस्तक लिहावे, म्हणून त्याने लेखणी हाती घेतली. लिहिता लिहिता एका प्रश्नाशी तो अडला. मूलद्रव्ये एकमेकांशी ठराविक प्रमाणातच जोडली जातात, असे त्या वेळी काही शास्त्रज्ञ म्हणू लागले होते. हे जर खरे असेल, तर पुस्तकात लिहिण्यापूर्वी पारखून घेतले पाहिजे! दुसऱ्या कोणी असे म्हटले आहे, एवढ्यावर त्याचे समाधान होईना. त्याने स्वतः तराजू हाती घेतला. पुढील दहा वर्षांत त्याने सुमारे दोन हजार संयुगांचे पृथक्करण केले. काचेची उपकरणे तो स्वतः फुंकून तयार करी. ही कला एका इटालियन कारागिराकडून तो शिकला होता. त्याने सिद्ध केलेले अणुभार आजच्या आकड्यांशी ताडून पाहिले, तर पुष्कळ ठिकाणी फरक अगदी थोडा आढळतो, आणि हे काम वर वर्णन केलेल्या त्या खोल्यांत झालेले!

मूलद्रव्यांसाठी आपण जी अक्षरे वापरतो, तीही त्याचीच देणगी. पूर्वी डाल्टनने वर्तुळांची चिन्हे योजली होती. ती लक्षात ठेवणे कठीण आणि छापणे त्याहून कठीण. बर्झेलियसने १८१३ च्या सुमारास सुचवले, की लॅटिन नावाचे पहिले अक्षर किंवा पहिली दोन अक्षरे घ्यावीत. लोखंडाला इंग्रजी नावातले अक्षर न मिळता 'एफई' का मिळाले, हे कोडे मुलांना दरवर्षी पडते. लॅटिनमध्ये लोखंडाला 'फेरम' म्हणतात, हे त्याचे उत्तर आहे.

आता वाळूकडे वळू. नदीकाठची वाळू, गारगोटी, स्फटिक या सर्वांत मुख्यतः एकच पदार्थ असतो. तो म्हणजे सिलिका. सिलिकामध्ये ऑक्सिजन आहे आणि त्याच्याशी कोणते तरी अज्ञात मूलद्रव्य घट्ट जखडलेले आहे, अशी शंका शास्त्रज्ञांना फार दिवसांपासून होती. इंग्लंडमध्ये डेव्हीने ते सोडवण्याचा प्रयत्न केला. यश आले नाही. फ्रान्समध्ये गे-ल्युसॅक आणि थेनार यांच्या हाती एक अशुद्ध तपकिरी पदार्थ आला होता. पण तो काय आहे, हे त्यांना ओळखता आले नाही. ऑक्सिजन आणि हे मूलद्रव्य यांची मिठी फार बळकट असते. भूकवचाच्या वजनात सुमारे अठ्ठावीस टक्के भाग याच मूलद्रव्याचा आहे, आणि तरी ते कोणी मोकळे पाहिले नव्हते.

बर्झेलियसने ही मिठी सरळ सोडवण्याचा हट्ट धरला नाही. ऑक्सिजनऐवजी फ्लोरीनशी जोडलेले सिलिकॉन ज्यात आहे, असे पोटॅशियमचे एक क्षारसंयुग त्याने घेतले. पोटॅशियम हा अतिशय चपळ धातू; हवेपासून जपण्यासाठी तो तेलात बुडवून ठेवावा लागतो. त्याचे तुकडे या क्षारात मिसळून त्याने ते मिश्रण तापवले. पोटॅशियमने फ्लोरीन ओढून घेतले आणि सिलिकॉन मोकळे झाले. मात्र निघालेला ढेप अनेक पदार्थांची खिचडी होती. बर्झेलियसने तो पाण्यात टाकला. बुडबुडे उठले आणि तळाशी तपकिरी भुकटी बसली. ती त्याने पुन्हा पुन्हा धुतली. धुण्याचा त्याला कंटाळा आला नाही, आणि पूर्वीच्या लोकांना न मिळालेले यश त्याला मिळाले, त्याचे कारण बव्हंशी हेच. मग ती भुकटी जाळून पाहिली. जळल्यावर पुन्हा सिलिकाच तयार झाला. क्लोरीन वायूत तापवली, तेव्हा झोंबणाऱ्या वासाचा, झटकन उडून जाणारा एक द्रव मिळाला. १८२४ साली सिलिकॉनची मूलद्रव्यांत गणना झाली. व्होलर त्या वेळी शेजारच्या टेबलावरच होता.

क्लोरीनचे नाव निघाले म्हणून ॲनाची एक गोष्ट सांगतो. एकदा भांडे घासताना तिला उग्र वास आला आणि तिने त्या वायूचे जुने, लांबलचक नाव घेतले. त्या नावाचा अर्थ असा, की या वायूत ऑक्सिजन आहे. बर्झेलियसने तिला सांगितले, की यापुढे नुसते क्लोरीन म्हणत जा, तेच बरे. ही साधी गोष्ट नव्हे. क्लोरीन हे मूलद्रव्य आहे, असे डेव्हीने १८१० मध्ये म्हटले, तेव्हा बर्झेलियसने त्याला कसून विरोध केला होता. पुढे पुरावा पटला, तेव्हा त्याने आपले मत सोडले आणि ही सुधारणा थेट आपल्या स्वयंपाकघरापर्यंत पोहोचवली.

रॉयल अकादमीचा चिटणीस या नात्याने तो १८२१ पासून दरवर्षी एक वृत्तांत लिहीत असे. जगात त्या वर्षी रसायनशास्त्रात जे जे नवे घडले, ते सर्व वाचून, पारखून त्यात मांडलेले असे. हे काम त्याने मरेपर्यंत चालवले. इतके सगळे एका मनुष्याच्या नजरेखालून गेल्यामुळे दूरदूरच्या गोष्टींतील साम्य त्याच्या ध्यानी येई. काही वायूंची प्रमाणे एकच, पण एकाचे वजन दुसऱ्याच्या दुप्पट असते, असे त्याला दिसून आले. एकाच कणकेचा लहान लाडू वळा किंवा मोठा. पीठ, तूप आणि साखर यांचे प्रमाण बदलत नाही, लाडू मात्र वेगळा होतो. अशा पदार्थांना त्याने १८३३ च्या सुमारास ग्रीक शब्दांवरून 'पॉलिमर' हे नाव दिले. आपण त्याला बहुवारिक म्हणतो. आज या शब्दाने लहान रेणू साखळीसारखे जोडून झालेला मोठा रेणू समजतात; बर्झेलियसच्या मनात एवढा अर्थ नव्हता.

दुसरे साम्य अधिक गूढ होते. पिठूळ स्टार्चमध्ये थोडे आम्ल घालून उकळले, की त्याची साखर होते. आम्ल मात्र जसेच्या तसे उरते. जर्मनीत डोबेरायनरने प्लॅटिनम धातूच्या सच्छिद्र गोळ्यावर हायड्रोजनचा झोत सोडला, तेव्हा झोत आपोआप पेटला. प्लॅटिनम पूर्वी होते तसेच राहिले. ही उदाहरणे निरनिराळ्या देशांत, निरनिराळ्या लोकांनी नोंदलेली होती. बर्झेलियसने ती एका रांगेत मांडली आणि १८३५ च्या वृत्तांतात म्हटले, की या सर्वांमागे एकच प्रकारची शक्ती असावी. काही पदार्थ केवळ आपल्या उपस्थितीने इतरांत बदल घडवून आणतात. लग्न जमवणारा मध्यस्थ दोन्ही घरांत जाऊन येतो, पण कोणत्याही घरात राहत नाही, तसेच हे. या क्रियेला त्याने 'कॅटॅलिसिस' म्हटले. उत्प्रेरण हा तिचा मराठी शब्द. ही शक्ती कशी चालते, हे त्याला ठाऊक नव्हते आणि ठाऊक असल्याचा आव त्याने आणला नाही. मात्र वनस्पतींच्या व प्राण्यांच्या शरीरात अशा हजारो क्रिया चालत असाव्यात, असा तर्क त्याने केला. तो पुढे खरा ठरला.

त्याच वर्षाच्या अखेरीस, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी त्याने चोवीस वर्षांच्या बेटी पॉपियस हिच्याशी विवाह केला. विवाहप्रसंगी राजाने त्याला बॅरन ही पदवी दिली.

येथवर या चरित्रात यशच यश आहे. पण पुढील बारा वर्षांविषयी मौन पाळणे योग्य होणार नाही. प्रत्येक संयुगाचा एक भाग धन विद्युतेचा व दुसरा ऋण विद्युतेचा असतो आणि त्यांच्या ओढीने संयुग बनते, असा सिद्धान्त बर्झेलियसने तरुणपणी मांडला होता. खनिजांना तो उत्तम लागू पडे. परंतु फ्रान्समधील द्यूमा याने दाखवले, की काही सेंद्रिय पदार्थांतील हायड्रोजनच्या जागी क्लोरीन बसवता येते आणि पदार्थाचा स्वभाव फारसा बदलत नाही. बर्झेलियसच्या मते हायड्रोजन धन, क्लोरीन ऋण. मग एकाच्या आसनावर दुसरा कसा बसेल? यावेळी त्याने मत सोडले नाही. सिद्धान्त वाचवण्यासाठी तो अधिकाधिक क्लिष्ट सूत्रे रचीत गेला. लीबिगसारखा जिवलग मित्रही दुरावला. ज्या मनुष्याने दोन हजार संयुगे तराजूत घातली, त्याने स्वतःचा सिद्धान्त तराजूत घालायला नको होता काय? क्लोरीनच्याच बाबतीत एकदा हार मानण्याचे मोठेपण त्याने दाखवले होते. दुसऱ्यांदा ते जमले नाही. व्होलर मात्र शेवटपर्यंत त्याचा राहिला. गुरूचे ग्रंथ व वार्षिक वृत्तांत तो जर्मन भाषेत उतरवीत असे. ७ ऑगस्ट १८४८ रोजी बर्झेलियसचे स्टॉकहोम येथे निधन झाले.

सिलिकॉन, बहुवारिक आणि उत्प्रेरण या तिन्ही गोष्टी बर्झेलियसच्या हयातीत वेगवेगळ्याच राहिल्या. त्या एकत्र येण्याच्या मार्गावरील पहिले पाऊल व्होलरनेच टाकले. १८५७ मध्ये त्याने बफ या सहकाऱ्यासह एक विलक्षण वायू शोधून काढला. त्याचा बुडबुडा हवेत येताच आपोआप पेट घेई आणि सिलिकाचा पांढरा धूर मागे राही. सिलिकॉनच्या एका अणूला हायड्रोजनचे चार अणू जोडलेला हा वायू म्हणजे सिलेन. सिलेनमधील हायड्रोजनच्या जागी दुसरे अणू किंवा अणुगट बसवले, की त्याच्या कुळातील इतर संयुगे मिळतात. विसाव्या शतकात इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथे किपिंग याने जवळजवळ चाळीस वर्षे सिलिकॉनची संयुगे तयार केली. त्याच्या भांड्यांच्या तळाशी वारंवार चिकट राळ साचे. तिच्यापासून काही उपयोग होईल, असे त्याला वाटत नव्हते. ती राळ बहुवारिकच होती. १९४० मध्ये अमेरिकेत रोचो याने सिलिकॉनच्या भुकटीत तांबे मिसळून तिच्यावरून तापलेला मिथिल क्लोराइड वायू नेला. तांबे हे येथे उत्प्रेरक. त्यामुळे सिलेनच्या कुळातील क्लोरीनयुक्त द्रव मोठ्या प्रमाणावर मिळू लागला. त्यात पाणी घातले, की सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांच्या आलटून पालटून गुंफलेल्या साखळ्या तयार होतात. तेच सिलिकोन. या साखळ्या एकमेकींना जोडून त्यांचे रबर करण्यास पुढे प्लॅटिनम कामी आले. त्याचे प्रमाण इतके थोडे, की ते दहा लाख भागांत मोजावे लागते. स्वयंपाकघरातील मऊ साचे आणि रुग्णालयातील नळ्या पुष्कळदा अशाच रबराच्या असतात.

१९८५ च्या सुमारास कॅनडातील मॉन्ट्रियल येथे मॅकगिल विद्यापीठात हॅरड आणि त्याच्या सहकाऱ्यांनी आणखी एक गोष्ट केली. फिनाइलसिलेन नावाच्या द्रवात त्यांनी टायटॅनियम धातूचे एक संयुग किंचित घातले. द्रवातून हायड्रोजनचे बुडबुडे येऊ लागले आणि सिलिकॉनचे अणू ऑक्सिजनच्या मध्यस्थीवाचून एकमेकांना जोडले जाऊन दहा-वीस अणूंच्या साखळ्या तयार झाल्या. बर्झेलियसला जे उमगले नव्हते, ते आज बरेचसे उलगडले आहे. उत्प्रेरक नुसता उपस्थित राहत नाही. तो क्रियेत भाग घेतो आणि शेवटी मोकळा होतो. टायटॅनियमच्या अणूने एका हाताने हायड्रोजनचा अणू धरलेला असतो. सिलेनचा रेणू जवळ आला, की टायटॅनियम आपला हायड्रोजन त्याच्या एका हायड्रोजनला देतो. ती जोडी वायू होऊन निघून जाते आणि मोकळ्या हाताने तो सिलिकॉनला धरतो. मग दुसरा सिलेन येतो. त्याचा सिलिकॉन पहिल्या सिलिकॉनचा हात धरतो आणि त्याचा हायड्रोजन टायटॅनियमच्या हाती राहतो. टायटॅनियम पुन्हा पूर्वस्थितीला येतो व तोच खेळ नव्याने सुरू होतो. चंबूतील पातळ द्रव हळूहळू पाकासारखा दाट होत जातो. बुडबुडे थांबले, म्हणजे साखळ्या वाढावयाच्या थांबल्या असे समजावे.